भांड्यातला लाल रंग

मित्रांनो, आधी नाक मुरडून घ्या, मग ऐका. मी एक जुनं, काशाचं, लघवीचं भांडं आहे. कोरियातल्या गोछांगजवळच्या खेड्यात, को दालसूच्या खोलीत माझं आयुष्य गेलं. लघवीची किळस मला कधीच आली नाही, ते माझं कामच होतं. किळस आली ती पुरुषांच्या फुशारकीची.

कारागिराने तापवून, ठोकून मला घडवलं, तेव्हा मी सोन्यासारखं लखलखत होतं. दालसूची बायको ओकनाम लग्नात मला माहेराहून घेऊन आली. संडास अंगणापलीकडे आणि थंडी हाडं गोठवणारी, त्यामुळे घरात मला मान होता. ओकनाम रोज सकाळी मला राखेने घासायची. पुढे घरोघरी आत संडास आले आणि माझ्या भाईबंदांना जुन्या बाजाराची वाट दाखवली गेली. मी मात्र राहिलं, कारण दालसूला आताशा संडासापर्यंतही धीर धरवत नव्हता.

आमच्याकडे बोकबुंजा नावाची काळी फळं पिकतात. त्यांची दारू पिणाऱ्याची धार इतकी जोरकस होते की भांडंच उलटतं, असं गाव छातीठोकपणे सांगतं. शी! चाळीस वर्षांत मला कुणी तसूभर हलवलं नाही. बासष्टीचा दालसू रात्रीतून पाचदा उठायचा, कण्हायचा, थेंब थेंब गाळायचा. निम्मं माझ्या काठावर, निम्मं चटईवर. सकाळी तोच गडी गावाच्या चौथऱ्यावर मित्रांत बसून आपल्या जोमाच्या गप्पा ठोकायचा. मला अगदी शिसारी यायची.

सरकारी आरोग्य तपासणीचं पत्र आलं, ते त्याने किमचीच्या, म्हणजे आंबवलेल्या कोबीच्या बरणीखाली सारलं. दारूच्या एका पेल्याचे तीन केले. मग एका सकाळी माझा तळ लालसर दिसला. ओकनाम घाबरली. दालसू म्हणाला, दारूचाच रंग आहे, गुण येतोय. मित्रांनीही त्याची पाठ थोपटली. मूर्ख कुठले!

ओकनाम वाद घालत बसली नाही. दारूची बरणी संपली, नवी फळं यायला अवकाश होता. पाचव्या सकाळीही मी लालच होतं. तिने मला रिकामं केलं नाही. झाकण लावलं, फडक्यात बांधलं आणि चौथऱ्यावर, पत्ते खेळणाऱ्या पुरुषांच्या मधोमध नेऊन ठेवलं.

"अहो, दारू संपून चार दिवस झाले," ती झाकण उघडत म्हणाली. "आता हा रंग कशाचा, ते सांगा की या सगळ्यांना."

कुणी हसलं नाही. एकाने नाक दाबलं. दालसू उठला आणि तिच्यामागून इस्पितळाकडे जाणाऱ्या बसमध्ये चढला.

मूत्राशयाखालच्या प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग निघाला. रक्ताच्या तपासणीतला आकडा भलताच वाढलेला होता. सुईने ग्रंथीचे तुकडे काढून रोग पक्का केला, मग हाडं तपासली, तर तो कंबरेच्या हाडात उतरलेला. डॉक्टर म्हणाले, सुरुवातीला हा रोग काहीच दाखवत नाही, म्हणून तर आधीच रक्त तपासायचं असतं. आता इंजेक्शनांनी त्याला थोपवता येईल, घालवता येणार नाही. ओकनामने हे सारं मला घासता घासता शेजारणीला सांगितलं.

शरदातल्या सणाला दालसूचा धाकटा भाऊ दालहो आला. वय सत्तावन्न. हातात भेट म्हणून तीच दारू! मला ओकारीच आली असती. सगळे दालसूच्या खोलीतच जेवायला बसले होते. दालसूने बाटली बाजूला सारली.

"तुझी धार कशी आहे?"

"दादा, वहिनी बसल्यात. हे काय बोलणं झालं?"

"तिच्यासमोर लाजत राहिलो, म्हणून हाडापर्यंत गेलं. सख्ख्या भावाला धोका जास्त असतो म्हणतात. बोल."

दालहोने चमचा भातात खोचून ठेवला. मग म्हणाला, "माझं ठीक चाललंय. पण तपासून घेतो."

त्याचा रोग ग्रंथीतच सापडला. शस्त्रक्रिया झाली, आज तो फळांच्या मळ्यात राबतोय. दालसू गेल्या वसंतात गेला. शेवटी त्याला उठवत नव्हतं. ओकनाम मला त्याच्या अंथरुणापाशी धरायची आणि तो दरवेळी तिची माफी मागायचा.

मित्रांनो, हा रोग हमखास टाळता येईल असं औषध नाही. पण वेळेवर सापडला तर माणूस वाचतो. बाबांनी, आजोबांनी पन्नाशी ओलांडली असेल, तर तपासणीबद्दल डॉक्टरांशी बोललात का, असं त्यांना विचारा. घरात कुणाला हा रोग झाला असेल, तर त्याआधीच विचारा. ते रागावतील, लाजतील, विषय बदलतील. तरी विचारा. मला सगळं दिसत होतं, पण बोलता येत नव्हतं. तुम्हाला बोलता येतं.