जास्तीचा तास

कट्, कट्, कट्. निजलेल्या घरात स्वयंपाकघरातून आवाज आला आणि तिची झोप मोडली. जाऊन पाहते तो सासूबाई स्टुलावर उभ्या राहून भिंतीवरच्या घड्याळाचा काटा मागे फिरवताहेत.

"आज घड्याळं तासभर मागे करायची ना गं? म्हटलं, तू एकटी कुठे कुठे पुरणार."

"अहो आई, ह्यांनी रात्रीच केलं होतं ते."

सासूबाईंनी घड्याळाकडे जरा संशयाने पाहिलं. "मग दोन तास मिळाले म्हण की."

घरात साडेतीन वाजले होते. तिच्या मनगटावर मात्र जुन्या वेळेचे साडेपाच होते. या देशात हिवाळा तोंडावर आला की सरकार सगळ्यांना एक तास मागे नेतं, उन्हाळ्यात पुन्हा पुढे. पण ती कामाला होती त्या रुग्णालयाच्या तळघरातलं मेनफ्रेम, म्हणजे मोठा संगणक, आपल्या हाताने मागे घेतल्याशिवाय ती स्वतःचं घड्याळ बदलत नसे. नऊ वर्षांचा नेम होता. वॉर्डातल्या सिस्टर तिला घड्याळबाईच म्हणत.

या जास्तीच्या तासाची घरात आठवडाभर वाटणी चालली होती. नवऱ्याला तो झोपायला हवा होता. सासूबाईंनी त्यात गाद्यांच्या खोळी बदलायचं ठरवलं होतं. नणंदेने फोनवर, "तू मोकळीच असशील" म्हणून स्वेटर उसवायला पाठवून दिला होता. आणि पाच वर्षांच्या लेकीने मंगळवारीच जेवता जेवता सांगून टाकलं होतं, "तू रोज म्हणतेस, एका तासाने, एका तासाने. आता एक तास जास्त आहे ना? तो माझा."

आई "बरं" म्हणून बसली खरी, पण तो तास तर आधीच मशीनला दिलेला. शेवटी तिनेच तोड काढली. त्या तासात मशीन बंद असतं आणि तिने नुसतं बसून राहायचं असतं. लेकीलाच बरोबर न्यावं. लेक तयारच होती. झोपायच्या कपड्यांवर फ्रॉक, आणि बूट उलट्या पायांत.

तळघरात कपाटाएवढं मशीन घरघरत होतं. गारठा इतका, की लेकीला आईचा स्वेटर घोट्यापर्यंत घालावा लागला.

"हे काय करतं?"

"कुठल्या पेशंटला कुठलं औषध किती वाजता दिलं, ते लक्षात ठेवतं."

"मग बंद कशाला करायचं?"

"साडेसहाला गोळी दिली आणि मग परत सहा वाजले, तर हे गोंधळणार. म्हणणार, गोळी अजून द्यायचीच आहे."

"आणि पेशंट दोन गोळ्या खाणार?"

"म्हणून तर तासभर गप्प बसवायचं."

कायद्याने वेळ पहाटेच बदललेली असते. पण मशीन जुन्या सातला थांबवायचं आणि नवे सात वाजले की सुरू करायचं, हे तिनेच ठरवून घेतलं होतं. तेव्हा रात्रपाळी निघालेली नसते, दिवसपाळी आलेली असते, आणि नोंदी कागदावर लिहायला हात दुप्पट असतात.

जुने सात वाजले. तिने मशीन थांबवलं. मशीनचे पडदे काळे झाले.

"घे. आता तास तुझा."

लेकीने तिला खुर्चीत बसवलं, पर्समधून कंगवा काढला आणि केस सोडले. भांग पडतो न पडतो तोच फोन वाजला. वरच्या मजल्यावरची सिस्टर होती.

"घड्याळबाई, स्क्रीन काळी झाली."

"मीच केलीय. कागदावर लिहा."

"लिहिलं असतं, पेन चालत नाही."

"त्याला मी काय करू, सिस्टर?"

आणखी तीन वॉर्डांचे फोन आले. मग साहेबांचा. साहेब रुग्णालयात तीन महिन्यांपूर्वीच आलेले, हा नेम त्यांना नवाच.

"बाई, मशीन बंद कशासाठी? आत्ताच्या आत्ता सुरू करा."

"साहेब, सात वाजू द्या."

"सात वाजून गेलेत."

"ते जुने सात होते. नवे वाजायचेत."

"दहा मिनिटांत सुरू झालं नाही, तर मला तुमच्याबद्दल वर लिहावं लागेल."

सुरू करावं तर कोणाच्या तरी पोटात दुसरी गोळी जायची, न करावं तर नऊ वर्षांच्या नोकरीवर शेरा. मागून कंगवा थांबला.

"किती वेळ गेला?"

"वीस मिनिटं."

"माझ्या तासातली?"

"हो गं."

लेक वेणी घालू लागली. दहा मिनिटांनी फोन पुन्हा वाजला. तिने हात पुढे करायच्या आत लेकीने रिसीव्हर कानाला लावला होता.

"हॅलो. आई कामात आहे. एका तासाने करा." मग थोडं ऐकून घेतलं. "हट्ट करून मिळत नसतं." आणि रिसीव्हर ठेवून दिला.

"कोण होतं?"

"तेच साहेब. बरं म्हणाले."

खरंच, त्यानंतर फोन वाजला नाही. वेणी घातली, सोडली, पुन्हा घातली. दोन झाल्या, एक कानावर आणि एक मानेवर. लेकीने तिला तळघर गार ठेवणाऱ्या पंख्यांच्या आवाजावर एक लांबलचक गाणं म्हणून दाखवलं, आणि ते संपेपर्यंत तिने एकदाही मनगटाकडे पाहिलं नाही. पाहावंच लागलं, तेव्हा नव्या सातला दोन मिनिटं उरली होती.

तिने नवी वेळ भरली, दोनदा वाचली आणि शेवटचं बटण लेकीला दाबू दिलं. पडदे उजळले. औषधांच्या नोंदी एकामागोमाग एक, ओळीने होत्या. एकही मागे-पुढे नाही. मग साहेबांचा फोन आला.

"झालं का सुरू?"

"हो साहेब. नोंदी सगळ्या जागच्या जागी आहेत."

"बरं बरं. लिहायचं राहू दे मग." साहेब जरा घुटमळले. "त्या दुसऱ्या बाई कोण होत्या?"

"नवीन आहेत, साहेब."

"कडक आहेत."

इतक्यात कागदांचा गठ्ठा घेऊन मोठ्या सिस्टर खाली उतरल्या. घड्याळबाईंच्या वेण्या बघून त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि लेकीच्या गालाला हात लावला.

"मिळाला का गं तास आईकडून? फार खूश होऊ नकोस हं. उन्हाळा आला की परत काढून घेतात." हसत हसत त्या जिना चढून गेल्या.

तिने पहिला कागद पुढ्यात ओढला. खाट बारा, एक गोळी, सहा वाजून दहा, नवे. तिची बोटं कळांवर गेली. लेक कंगवा हातात धरून खुर्चीला टेकून उभी होती.

"आई, उन्हाळ्यात कोणाचा तास काढून घेणार? मशीनचा, की माझाच?"