डिफरन्शियलवरची तारीख

खोझानं पान्याच्या दांड्यावर लोखंडी नळी चढवली, पाठीवर सरकत गाडीखाली गेला आणि दोन्ही पाय रेल्वेच्या जुन्या स्लीपरला टेकवून जोर लावला. नट करकरला, आणि एकदाचा फिरला.

"सुटला," तो खालून म्हणाला.

"नट सुटला. चौकट कुठं सुटतेय?" माफिका बाहेर उकिडवा बसून म्हणाला.

ते खरंच होतं. सकाळपासून खोझानं त्या गाडीचं मागचं अंग एकेक करून मोकळं केलं होतं. आधी धुराड्याची नळी, मग इंजिनाकडून मागं येणारा शाफ्ट, मग हँडब्रेकच्या तारा. ब्रेकच्या नळ्यांत त्यानं लाकडाच्या खुंट्या मारल्या होत्या, तेलाचा थेंब सांडला नव्हता. प्रत्येक जागेचे बोल्ट वेगळ्या डब्यात, आणि डबे ज्या क्रमानं भरले त्याच क्रमानं भिंतीशी लावलेले. कॅटलहाँगच्या वस्तीत गाड्या खोलणारे गल्लीगणिक होते, पण खोललेली गाडी एकही बोल्ट न उरता परत जोडणारे फार नव्हते. आता शेवटचे दोन मोठे नट निघाले, जॅक तसूभर खाली घेतला, तरी मागच्या चाकांना धरून ठेवणारी लोखंडी चौकट आणि तिच्यात बसलेला, इंजिनाचा फेर दोन्ही चाकांना वाटून देणारा डिफरन्शियल गाडीच्या पोटाला चिकटून राहिले. हू नाही की चू नाही.

गाडी होती दोन दारांची, जुनी, चौकोनी, जर्मन. वस्तीत तिला गुशेशे म्हणतात. ही एल्फस गुंबीची. गाडी जागच्या जागी धुरात गरगर फिरवणारे लोक डिफरन्शियल उघडून आतले दातेरी गोळे वेल्डिंगनं एकजीव करून घेतात, म्हणजे दोन्ही मागची चाकं एकदम फिरतात. ते वेल्डिंग कच्चं असलं तर पहिल्याच गिरकीत आतल्या आत चुरा. म्हणून त्या भागातले सगळे फिरकीवाले ते काम गुंबीकडून करून घेत. गुंबीला जाऊन वर्ष झालं होतं. शनिवारी त्याच्या थडग्यावरच्या नव्या दगडाचं कापड काढायचं होतं, आणि मग रिवाजाप्रमाणे त्याच्या घरासमोर त्याचीच गाडी माफिका फिरवणार होता. आज गुरुवार. गाडी मागून धडधड आवाज करत होती, आणि अशा गाडीला गिरकी दिली तर शोकाला आलेल्या माणसांत चाक जायचं.

हे सगळं स्वयंपाकघराच्या खिडकीतून नोक्वाझी बघत होती. ती गुंबीची लेक आणि खोझाची सून, डिसेंबरात लग्न होऊन आलेली. नवरा ट्रक घेऊन डर्बनला गेला होता. सासऱ्यासमोर डोक्याचा रुमाल आणि खांद्यावरची शाल सोडायची नाही, त्याच्याशी आपण होऊन बोलायचं नाही, पुरुष बसतात त्या बाजूच्या अंगणातून जायचं नाही. घरासाठी बोकड कापून वडीलधारे मोकळीक देईपर्यंत हे असंच चालायचं. तिला त्याचा जाच वाटत होता असं नाही. आईनं हेच केलं होतं, सासूनंही. पण आज तिचे हात पिठात होते आणि जीव त्या गाडीखाली होता.

ती चहाचा ट्रे घेऊन घरामागून वळसा घालून गेली, गुडघे टेकून ट्रे ठेवला, आणि खाली घातलेल्या नजरेनंच तिला दिसलं की माफिका गॅसकटरची नळी सोडवतोय.

माफिकाचं म्हणणं सरळ होतं. बोल्ट गंजून आत धरलेत, वरून जाळून काढू, नंतर पट्टी मारू. खोझा हो म्हणत नव्हता आणि नाहीही म्हणत नव्हता. एकदा बोल्टाच्या बुडाचा पत्रा जळला की ती चौकट परत सरळ बसणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. पण दिवस दोनच उरले होते.

नोक्वाझी स्वयंपाकघरात परतली ती थेट सासूजवळ. माशेझी कोबी चिरत होती.

"आई, त्यांना जाळू देऊ नका. गंज नाहीये. मागच्या सीटखाली, गालिचाच्या खाली, दोन्हीकडे एकेक बोल्ट आहे. वरून मारलेला. चौकट हलू नये म्हणून."

माशेझीनं सुरी थांबवली, तिच्याकडे बघितलं, आणि काही न विचारता एप्रनला हात पुसत बाहेर गेली. खिडकीतून सगळं ऐकू येत होतं.

"मागच्या सीटखाली बघा म्हणे. गालिचा उचलून."

"कोण म्हणे?"

"मी म्हणे."

"तुला गाडीतलं कधीपासून कळायला लागलं?"

"चौतीस वर्षं तुमच्याशी संसार केलाय. काहीतरी कळणारच."

खोझानं सीट काढली. बोल्ट होते. काळा रंग फासून दडवलेले, पण होते. ते निघाल्यावर त्यानं चौकटीखाली डावीकडे एक जॅक आणि उजवीकडे दुसरा असे दोन घेतले, माफिकाला डावीकडचा दिला, आणि स्वतः मोजत राहिला. एक दाता तू, एक दाता मी. घाई केली की एक बाजू अडकते आणि सगळा भार वाकडा येतो, हे त्यानं माफिकाला दोनदा बजावलं. आणि ते दीडशे किलोचं धूड, दोन्ही बाजूंचे दांडे पसरून, जराही न कलता जमिनीवर आलं. नोक्वाझीला तो माणूस त्या क्षणी फार आवडला. इतकं मऊ काम तिनं फक्त वडिलांकडे पाहिलं होतं.

धडधडीचं कारण लगेच सापडलं. डिफरन्शियल ज्या लोखंडी कानाला टांगतात तो चौकटीचा कान मुळापासून चिरला होता. खोझानं बोट आत घालून बघितलं. मग त्यानं डिफरन्शियलचं तेल काढलं, तर बुचाच्या चुंबकाला लोखंडाचा कण चिकटलेला. आतलं वेल्डिंगही गेलं असेल तर शनिवार विसरायलाच हवा. म्हणून तो मागचं झाकण खोलायला बसला.

नोक्वाझी पीठ तसंच टाकून खिडकीशी आली. वेल्डिंग गेलं असेल ही भीती तिला नव्हती. ते जाणार नाही हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण ते तिनं केलं होतं. शेवटची चार वर्षं गुंबीच्या नावानं बाहेर पडलेला प्रत्येक डिफरन्शियल तिनं केला होता. आधी वडिलांना एका डोळ्यानं अंधुक दिसायला लागलं, मग दोन्हींनी. ते शेजारी स्टुलावर बसत आणि नुसत्या आवाजावरून सांगत, रॉड लांब गेला, आता जवळ आण, आता थांब. गिऱ्हाईक आलं की ती मुखवटा काढून चहा ठेवायला जायची. लोक म्हणायचे, म्हाताऱ्याचे हातच बघतात. ते हसायचे, आणि रात्री तिला म्हणायचे, एवढं माझ्यासाठी राहू दे. तिनं राहू दिलं होतं. आता दगडावर त्यांच्या नावाखाली वेल्डिंगचा मुखवटा कोरला होता. तो दगड उघडण्याच्या दोन दिवस आधी ही गोष्ट फुटली असती तर वडील दुसऱ्यांदा गेले असते.

झाकण निघालं. माफिकानं फडक्यानं तेल पुसलं आणि शीळ घातली. चारही गोळे एकसंध झाले होते आणि जोडाची लाट न लाट सारखी, कुठं फुगवटा नाही, कुठं खड्डा नाही. तो कण बाहेरून आलेला असावा, हे जोड अजून वीस वर्षं जाणार नाहीत, असं माफिका बोलत राहिला. असा माणूस आता होणे नाही, असंही म्हणाला.

खोझा झाकणाच्या आतल्या बाजूवर अंगठा फिरवत होता. तिथं ठोक्यांनी तारीख उमटवलेली असायची. कामाला तारीख हवीच, हा गुंबीचा हट्ट. ही तारीख गेल्या वर्षीच्या मार्चची होती.

आणि गेल्या वर्षी जानेवारीत, पोरांच्या लग्नाचं बोलणं निघायच्या आधी, खोझा सहज म्हणून गुंबीच्या घरी जाऊन आला होता. गुंबीनं त्याला आवाजावरून ओळखलं होतं. पाहुण्याला आपल्या हातानं चहा द्यायचा म्हणून किटली उचलली होती आणि कपाशेजारी टेबलावर ओतली होती. दोघांनीही ते झालंच नाही असं दाखवलं. नोक्वाझीनं येऊन टेबल पुसलं होतं.

"काय झालं?" माफिकानं विचारलं. "चिरलंय का?"

"नाही." खोझानं झाकण पालथं ठेवलं. "पक्कं आहे. गुंबीचंच काम."

खिडकीत नोक्वाझीला बरं वाटलं, आणि थोडं बोचलंही. तिनं लापशीचं भांडं उगाचच पुन्हा ढवळलं.

दुपारचं जेवण घेऊन ती गेली, तेव्हा दोघं चिरलेल्या कानावरून वाद घालत होते. जवळच्या जर्मिस्टनचा वेल्डर सोमवारशिवाय हात लावणार नव्हता. खोझानं स्वतः करावं असं माफिका म्हणाला, तर खोझानं सरळ सांगितलं की त्याचा हात पान्याचा आहे, त्यानं जोडलेला कान दुसऱ्या गिरकीला हातात येईल. नोक्वाझीनं गुडघे टेकून थाळ्या ठेवल्या. शालीतून तिचं मनगट पुढं आलं. मनगटावर आणि अंगठ्याच्या मुळाशी बारीक, गोल, पांढरट डाग होते, ठिणग्यांचे. खोझाची नजर तिथं थांबली. तिनं हात मागं घेतला आणि उठून गेली.

जेवण झाल्यावर थोड्या वेळानं तो स्वयंपाकघराच्या दाराशी आला. आत आला नाही. दाराकडे पाठ करून उभा राहिला आणि बायकोशी बोलला, जरा मोठ्यानंच.

"माशेझी, मी आणि माफिका टायर आणायला जातोय. चारपर्यंत अंगणात कुणी नाही. फाटक बाहेरून लावून घेतो."

"बरं."

"वेल्डिंगचं मशीन जोडून ठेवलंय. रॉड शेगडीवर वाळवून घेतलेत. चिरेच्या टोकाला भोक पाडलंय, ती पुढं जाऊ नये म्हणून."

"मला कशाला सांगताय हे सगळं?"

"घरात सांगून जावं माणसानं," खोझा म्हणाला आणि गेला.

फाटकाची साखळी वाजली. माफिका कुरकुरत होता, टायर उद्याही मिळाले असते म्हणून, आणि खोझा त्याला गप्प करत होता. आवाज रस्त्यानं लांब गेले.

माशेझीनं खरकट्या थाळ्यांवरून मान वर केली नाही. नुसता हात पुढं केला.

"शाल दे इकडे. ठिणगी पडली तर रफू मलाच करावं लागेल."

नोक्वाझी हलली नाही. तिला रडू येत होतं आणि रडून चालणार नव्हतं, कारण ओल्या डोळ्यांनी जोड नीट दिसत नाही. मग तिनं शाल काढून सासूच्या हातात दिली आणि पहिल्यांदाच घराला वळसा न घालता पुढच्या दारानं, पुरुषांच्या अंगणातून चालत गेली.

चारनंतर ते परतले तेव्हा ती शाल पांघरून चुलीशी होती. चौकट जमिनीवर ठेवली होती तशीच होती, जोडलेला कान थंड होत आला होता. माफिका टायर तिथंच सोडून खाली बसला, जोडावर जवळून डोळे लावले आणि बराच वेळ उठला नाही.

"हे कुणी केलं रे?" त्यानं शेवटी विचारलं. "जर्मिस्टनवाला आला होता का?"

"नाही."

"मग?"

खोझानं पहिला डबा उघडला आणि बोल्ट हातात मोजून घेतले.

"घरचंच माणूस आहे," तो म्हणाला. "धर ती बाजू. एक दाता तू, एक दाता मी."