मेंढ्याच्या खुराखाली सापडलेला मदरबोर्ड

मी एक जुना मदरबोर्ड आहे, आणि कोराही आहे. गोंधळू नका, मित्रांनो. कंप्युटरच्या पोटात जी हिरवी पाटी असते, जिच्यावर बाकीचे सगळे भाग आपापल्या जागी बसतात, ती पाटी म्हणजे मी. मला कारखान्यातून निघून बरीच वर्षे झाली. तिथल्या तपासणीत माझ्यातून एकदाच वीज धावली. त्यानंतर मी डाकार शहरातल्या एका दुकानाच्या फळीवर बंद पेटीत पडून होतो.

माझ्या मधोमध एक चौकोनी घर आहे. त्यात केसाहून बारीक अशा शेकडो सोनेरी काड्या उभ्या असतात. कंप्युटरचा मेंदू त्यांच्यावर टेकतो. त्यांतली एक काडी वाकली तरी मी मुका होतो. म्हणून त्या घरावर एक काळे झाकण असते. ते झाकण आणि ती पुठ्ठ्याची पेटी सोडली तर मला दुसरे संरक्षण नव्हते.

एके दिवशी एका हाताने मला फळीवरून खाली काढले. लूगा गावच्या मेईसा न्जाय नावाच्या शिंप्याला नेमका मीच हवा होता. त्याच्याकडे भरतकामाचे एक जुने यंत्र होते. त्या यंत्राची तार ज्या खोबणीत बसते, ती नव्या मदरबोर्डांना नसते. माझ्या पाठीला होती. त्याच्या कंप्युटरमधला माझा भाऊबंद विजेच्या एका झटक्यात जळाला होता आणि यंत्र उभेच्या उभे बंद पडले होते.

माझी एवढी वाट का पाहिली जात होती, ते मला पुढे त्या दुकानातल्या बोलण्यातून कळले. मासांबा नावाचा कारागीर त्या यंत्रासाठी नक्षी काढायचा. तो वारला. जाण्याआधी त्याने आपल्या बायकोसाठी, उलेयसाठी, एक नक्षी करून ठेवली होती. ती कंप्युटरमध्येच होती आणि त्या यंत्राशिवाय दुसऱ्या कशालाही ती वाचता येत नव्हती. उलेयचे सुतक आता संपले होते. साधे कपडे उतरवून तबास्कीच्या सकाळी, म्हणजे मेंढ्याच्या सणाला, ती पहिल्यांदा भरतकामाचा पायघोळ बूबू घालणार होती. त्यावर नवऱ्याची नक्षी असणार होती. ती नक्षी तिने पाहिलीही नव्हती.

आता प्रवास. सणाच्या आदल्या दिवशी पहाटे मला बिराम जोप नावाच्या चालकाच्या शेजारी ठेवले. त्याची गाडी सात माणसांची, आत बसलेली माणसे जास्त. वाटेत एक म्हातारी चढली. तिची बोचकी आत घ्यायची म्हणून बिरामने मला टपावर ठेवले आणि दोरीने बांधले. टपावर सणाचा मेंढा होता. रस्त्यात खड्डा आला. मेंढा तोल सावरायला सरकला आणि त्याचा खूर

माझ्या पेटीत शिरला.

झाकण आत दबले. काड्या आडव्या झाल्या. कोपरा तडकला. मी ओरडलो नाही, मित्रांनो. मला ओरडता येत नाही.

लूगाला पोचल्यावर बिरामने पेटी पाहिली. खुराचे भोक पाहिले. त्याचा चेहरा उतरला. भोकाची बाजू खाली करून त्याने पेटी काखेत मारली आणि तो मेईसाच्या दुकानात शिरला. आणि इथेच घात झाला. जोप आणि न्जाय आडनावांची माणसे समोरासमोर आली की एकमेकांची चेष्टा करायची, आणि त्या चेष्टेचा कधी राग धरायचा नाही, ही त्यांच्या बापजाद्यांपासूनची रीत.

"ए भातखाऊ जोप," मेईसा कापडावरून मान वर न काढता म्हणाला, "वाटेत कुणाचं पातेलं चाटत बसला होतास?"

"तुझंच. तळाला करपलेलं होतं, तरी सोडलं नाही." बिरामने पेटी पुढे केली. मग म्हणाला, "न्जाय, तुझ्या पेटीवर मेंढा नाचला रे."

"नाचणारच. मालकाला तरी कुठे बसायची अक्कल आहे?"

"खरंच सांगतोय. खूर आत गेलाय."

"मग मेंढा ठेवून जा आणि तू टपावर बस. माझ्या घरचा चाकर ना तू?"

दुकानातले सगळे हसले. मेईसा तर डोळे पुसत हसला. बिरामही हसला. "दुपारी परत डाकारला चाललोय," तो म्हणाला. "काही आणायचं असेल तर सांग."

"तुझ्यासाठी भाताचं पोतं आण."

मेईसाने मला फळीवर ठेवले आणि तो इस्त्रीकडे वळला.

हा प्रसंग मी पुन्हा सांगून पाहतो. फळीवर पडल्या पडल्या मी तो फार वेळा सांगून पाहिला आहे. बिराम म्हणतो, खूर आत गेलाय. मेईसा इस्त्री बाजूला ठेवतो, पेटी फिरवतो, भोक पाहतो. डाकारला फोन जातो. दुकान अजून उघडे आहे, फळीवर माझा जुळा भाऊ आहे, संध्याकाळच्या फेरीत तो येतो आणि

नाही. तसे झाले नाही.

दुपारी उलेय डोकावली. अंगावर अजून तेच साधे पांढरे कापड होते.

"भाऊजी, तबास्कीत शिंप्याचा शब्द म्हणजे पाण्यावरची रेघ, असं सगळे म्हणतात."

"सगळ्यांना म्हणू दे, वहिनी. तुमचं सामान आलंय. ते बघा फळीवर. उद्या सकाळी नमाजाआधी घेऊन जा."

तिने माझ्याकडे पाहिले. माझ्याकडे एवढ्या आशेने पाहणारे ते एकच माणूस. खुराचे भोक भिंतीकडे होते.

वस्तूंच्या अशा आत्मकथांत यानंतर 'माझे कामाचे दिवस' येतात. मग 'माझे कौतुक'. ती पाने मी कोरीच सोडतो.

संध्याकाळी मेईसाने पेटी खाली घेतली. त्याचे बोट भोकात गेले. त्याने मला बाहेर काढले, काड्या पाहिल्या, बारीक सुईने एक काडी उभी करायला गेला. ती तुटली. मग त्याने सुई खाली ठेवली. डाकारच्या दुकानाला फोन लावला. घंटा वाजत राहिली. सणासाठी सगळे आपापल्या गावी निघून गेले होते.

सकाळी उलेय आली. मेईसाने तिच्या हातात बूबू दिला. स्वच्छ, कडक इस्त्रीचा, नक्षीवाचून कोरा. रात्री पायाच्या मशीनवर त्याला स्वतःची एखादी वेल भरता आली असती. त्याने भरली नाही.

"दुसऱ्याची नक्षी तुमच्या अंगावर कशी घालू, वहिनी?"

तिने बूबूची घडी उलगडली, गळ्यावरून हात फिरवला, पुन्हा घडी घातली. "राहू द्या, भाऊजी," ती म्हणाली आणि आली होती त्याच कपड्यांत नमाजाच्या मैदानाकडे निघाली. बूबू काखेत होता.

दुपारी बिराम मटणाचा वाटा घेऊन आला. टेबलावर मी उघडा पडलो होतो. त्याने मला पाहिले.

"मी सांगितलं होतं," तो हळूच म्हणाला.

मेईसाने टेबलावरची सुई उचलून डबीत ठेवली.

"न्जाय, शिव्या दे. भातखाऊ म्हण. चाकर म्हण."

मेईसाने मटणाचा वाटा दोन्ही हातांनी घेतला. "आभारी आहे, बिरामसाहेब," तो म्हणाला. जोपला न्जायने असे अदबीने बोलावे, हे त्या दुकानात कोणी कधी ऐकले नव्हते. बिराम उंबऱ्यात उभा राहिला, मग निघून गेला.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. कुणाची वस्तू आणताना तिच्या अंगावर काय येऊन पडेल, ते आधी बघा. ती मोडली तर मोडली म्हणून सांगा, चेहरा सरळ ठेवून सांगा. आणि कुणी तुमच्या हातात पेटी दिली, तर ती त्याच्यासमोर उघडा. हसायचे ते मग हसा.

मी आता त्या यंत्राशेजारी, उघड्या कंप्युटरच्या बाजूला आहे. मासांबाची नक्षी माझ्यापासून वीतभर अंतरावर आहे. माझ्या पाठीची खोबण अजून शाबूत आहे.