विटा झाकायला चला

आमच्या थोरल्या जाऊबाईंनी घंटेवाल्याच्या अंगावर विटांच्या गाऱ्याचा गोळा मारला, तिथून सगळं सुरू झालं. मारला नाही, साच्यात टाकायला उचलला होता आणि नेमका त्याच्या धुतलेल्या सदऱ्यावर गेला, असं त्या अजून सांगतात. मी शेजारीच साचे धूत बसले होते. मी काही बोलत नाही.

घंटेवाला म्हणजे आमच्या चर्चची घंटा वाजवणारा, आणि पाळकांचे निरोप दारोदार पोचवणारा. सकाळच्या पारी तो आला तो बांधावरूनच ओरडला, "रविवारी पावसासाठी प्रार्थना आहे. सगळ्यांनी उपास धरायचा. कामाला कुणी हात लावायचा नाही. आणि प्रार्थना तुमच्या मालकांनी चालवायची, पाळकसाहेबांनी सांगितलंय."

जाऊबाई गाऱ्यात गुडघ्यापर्यंत उभ्या होत्या. "माझ्या नवऱ्यानं? पाऊस मागायचा?"

"त्यांचा आवाज मोठा आहे ना. वरपर्यंत पोचतो."

"आणि हे काय वाळत घातलंय, दिसतंय का तुला? चादरी आहेत का ह्या?"

समोर सगळं रान विटांनी भरलेलं होतं. ओळीच्या ओळी, कच्च्या. भट्टीत जाईपर्यंत वीट म्हणजे तरी काय, उभं राहायला शिकवलेला चिखल. एक दणका पाऊस झाला की शिकवलेलं सगळं विसरते.

"देवाच्या कामात आडवं येऊ नये बाई," घंटेवाला म्हणाला.

आणि तो गोळा गेला.

त्या विटांमध्ये आमचा जीव का अडकला होता ते सांगते. विटा पाडण्यात आमच्या घराच्या दोन पिढ्या गेल्या. गावातली सगळी पक्की घरं आमची, म्हणजे विटा आमच्या. चर्चचा मनोराही आमचाच. आणि आम्ही मात्र कुडाच्या भिंती आणि गवताच्या छपराखाली. दरवर्षी ठरायचं की यंदा चार विटा घरासाठी ठेवू, आणि दरवर्षी शेवटची वीटसुद्धा ट्रॅक्टरात चढायची. पण यंदा भाऊजींनी, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांनी, शब्द दिला होता. पहिल्या भट्टीतून आत्याबाईंची खोली.

आत्याबाई म्हणजे आमच्या सासूबाई. डोळे गेलेले, जीभ शाबूत. छातीत कफ असा बसलेला की खोकल्या की शेजारची कुत्री उठायची. कुडातून वारा यायचा तो त्यांच्या पाठीलाच लागायचा. "कुठल्या भोकातून येतोय ते आता मला वासावरून कळतं," म्हणायच्या. "एकदा भिंतीला पाठ टेकून बसू द्या गं मला. अशी भिंत, की पलीकडचं काही कळलं नाही पाहिजे." एवढंच मागणं होतं त्यांचं. अजून थोडं ऊन मिळालं की भट्टी लागणार होती.

भाऊजी जेवायला आले तेव्हा जाऊबाईंनी ताट वाढलं, पण हातातून सोडलं नाही.

"तुम्ही नाही म्हणून सांगा. घसा बसलाय म्हणा."

"गावाचं पीक करपतंय. कणसात दाणा भरेना. तुझ्या भावाचंही तेच आहे."

"मग पाळकांनी मागावा पाऊस. त्यांच्या कुठं विटा आहेत?"

"माझ्या विटा वाळायच्या म्हणून मी गप्प बसू? आणि मग कुठल्या तोंडानं देवापुढं जाऊ?"

"देवापुढं मलाही जायचंय. पण चिखलानं भरून नाही."

"देव बघेल आपल्या विटांचं."

"बघेल की. तो बघतोच. झाकावं आपल्यालाच लागतं."

मला हसू आलं, ते मी पदरात कोंबलं. माझा नवरा बाहेरगावी कामाला, त्यामुळे या दोघांच्या भांडणात मी कायम प्रेक्षक. पण भाऊजींना ढोंगी म्हणणाऱ्याचं मी ऐकून घेणार नाही. प्रार्थनेत एक डोळा उघडा ठेवून चपलांकडे बघणारे मी ढिगानं पाहिलेत. भाऊजी दोन्ही डोळे मिटायचे. त्याचीच आम्हाला भीती होती.

कोपऱ्यातून आत्याबाई बोलल्या, "मागायचं तर पुरतं माग रे. अर्धं मन घरी ठेवून जाऊ नकोस, ती फसवणूक झाली. आणि थोरले, तू ताडपत्र्या गोळा करायला लाग."

"आत्याबाई, तुम्हीही त्यांच्याच बाजूच्या?"

"बाजू कसली त्यात? हा मागणार म्हणजे पाऊस येणार. येणार म्हणजे झाकायला हवं."

शनिवारी आम्ही दोघी जावा ताडपत्र्यांसाठी घरोघर हिंडलो. आमच्याकडे होती एक, तीही मधोमध ठिगळाची. दुकानदार म्हणाला, फाटली हो, कालच फेकली. गिरणीवालीची भावानं नेली होती. एकाकडे होती, ती त्याच्या चाऱ्यावर घातलेली, आणि चाऱ्यावरून काढली तर चारा वाळून कोळसा होईल म्हणे. चर्चचे पंच ओट्यावर बसून दात कोरत होते. ते तर हसलेच.

"प्रार्थना उद्या, आणि ताडपत्री आज? एवढी कसली घाई? पाऊस आला म्हणजे या, देतो."

"पाऊस आल्यावर तुम्ही उठणार आहात का ओट्यावरून?" जाऊबाई म्हणाल्या.

"बाई, जरा विश्वास ठेवावा माणसानं."

"विश्वास आहे म्हणूनच आले होते," त्या म्हणाल्या आणि वळल्या.

रविवारी चर्च गच्च भरलं होतं. उपासानं सगळ्यांची तोंडं लांब झालेली. उघड्या खिडक्यांतून ऊन आत येऊन बाकांवर बसलेलं. आभाळ कसं, धुऊन पालथं घातलेल्या घंगाळासारखं.

भाऊजी उभे राहिले. एकेकाच्या शेताचं त्यांनी नाव घेतलं. पंचांचं, दुकानदाराचं, गिरणीवालीच्या परसातल्या वेलांचंसुद्धा. काय आवाज होता तो! मागं बसलेल्या म्हाताऱ्या स्फुंदायला लागल्या. आणि शेवटी ते म्हणाले, "प्रभू, माझं म्हणून जे काही असेल, त्याची अडचण मानू नकोस."

जाऊबाईंनी माझ्या मनगटात नखं रुतवली. सगळ्यांनी आमेन म्हटलं. जाऊबाईंचे ओठ मिटलेले.

पाळक पुढचं गाणं सांगायला उठले, तेवढ्यात काठी आपटली. आत्याबाई उभ्या होत्या.

"झालं ना मागून? चला मग. विटा झाकायला चला सगळे."

आधी एक पोरगी फिसकन हसली, मग बाकंच्या बाकं हसली. पाळकही हसले, पण चांगले हसले. मनानं वाईट माणूस नव्हता तो.

"आजी, बाहेर रखरखीत ऊन आहे."

"ते तुम्हाला दिसतंय. मला दिसत नाही. मला एवढंच ऐकू आलं की सगळ्या गावानं पाऊस मागितला. आता तो निघाला असेल."

"देवाच्या मनात असेल तेव्हा येईल, आजी."

"म्हणजे तुम्हाला वाटत नाही येईल असं? मग त्याला हाक कशाला मारली?"

पाळकांनी गाण्याचं पुस्तक उघडलं. ते म्हणाले, "बसा. आज विसाव्याचा दिवस. आज सगळा भार त्याच्यावर टाकायचा."

"टाका. माझ्या सुनांना जाऊ द्या."

मी भाऊजींकडे पाहिलं. त्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं. नखांत गारा होता, कितीही धुतला तरी राहतोच. देवाला दिलेल्या दिवसातून स्वतःच्या विटांसाठी उठून जायचं त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी गाणं सुरू केलं. आम्ही तिघी लोकांच्या गुडघ्यांना घासत बाहेर पडलो. एक जणही उठला नाही. घंटेवाल्यानं दार मात्र उघडून धरलं, तेवढं खरं सांगायला हवं.

रानात आल्या आल्या पदर खोचून कामाला लागलो. ओळीतल्या विटा उचलायच्या, भिंतीसारख्या रचायच्या, वर चटया, गोण्या, घरातली गोधडीसुद्धा. ठिगळाची ताडपत्री एका रचीवर घातली. आत्याबाई त्या रचीला पाठ लावून खाली बसल्या, ताडपत्रीची कड बुडाखाली दाबून. "मी धरते ही. तुम्ही व्हा पुढं."

दुपार कलली आणि वारा पडला. मग डोंगराच्या अंगानं काळं चढायला लागलं, इतकं भराभर, की जाऊबाई हातात वीट घेऊन बघतच राहिल्या. "पोचलं वाटतं," एवढंच म्हणाल्या.

पहिले थेंब पडले तेव्हा चर्चची घंटा वाजायला लागली. लोक बाहेर धावले. लांबून दिसत होतं, हात पसरलेले, तोंडं वर केलेली, पंच तर लहान पोरासारखे गरागरा फिरत होते. इकडे आमच्या विटांच्या कडा गेल्या. आधी कडा जातात, हातात साबण गोल होतो तशा. मग पोटं सुटतात. मग ओळ दिसेनाशी होते. गोण्या भिजून चिकटल्या, गोधडीच्या वजनानं एक रच बसली. आम्ही धावत होतो, पण कशाकडे धावायचं हेच कळत नव्हतं. ताडपत्री कुणाकडून आली नाही. पाऊस आल्यावर कुणाला आठवतंय!

आत्याबाई जागच्या हलल्या नव्हत्या. डोक्यावरून पाणी ओघळत होतं, दात वाजत होते. मला जवळ ओढून म्हणाल्या, "भिंत मिळाली बघ टेकायला. पाठीला वारा नाही लागत."

भाऊजी आले ते अनवाणी. आले आणि थांबले. मग वाकून एक वीट उचलायला गेले, तर ती बोटांतून निसटून गेली. दुसरी उचलली. तीही. ते उचलतच राहिले. जाऊबाई त्यांच्यापाशी गेल्या. मला वाटलं, आता ह्या काही राखत नाहीत.

"मागितलंत मात्र मन लावून," त्या म्हणाल्या. आणि हातातली चटई निम्मी त्यांच्या डोक्यावर धरली.

पुढच्या रविवारी पाऊस दिल्याबद्दल देवाची उपकारस्तुती झाली. पाळकांनी भाऊजींना साक्ष द्यायला उभं केलं. ज्याची प्रार्थना ऐकली गेली त्यानं बोलावं, असं. भाऊजी उभे राहिले, घसा खाकरला, म्हणाले, "देवानं ऐकलं." आणि बसले. लोकांना ते फार आवडलं. थोडक्यात पण केवढं बोलला, म्हणाले. पंचांनी बाहेर येऊन त्यांच्या खांद्यावर थाप मारली. "मनाला लावून घेऊ नका. चिखल कुठं पळून जातोय? पुन्हा पाडा." त्यांचं बरोबर होतं. चिखल कुठंच गेला नाही. रानभर होता.

पीक मात्र झकास आलं. एकदोघांनी दारात पाटीभर कणसं आणून ठेवली. जाऊबाईंनी ती घेतली, सोलली, शिजवली. "उपाशी राहून कुणावर रुसू?" म्हणाल्या. पण रात्रीच्या प्रार्थनेला त्या ओठ हलवीनात. आत्याबाईंना डोळे नसून ते कळलं.

"तो ऐकत नाही असं वाटतं का गं तुला?"

"ऐकतो ना. पाहिलं की."

"मग?"

"मग भीती वाटते बोलायची."

आत्याबाई बराच वेळ खोकल्या. "मलाही वाटते," त्या म्हणाल्या. "म्हणून मी हल्ली नुसती त्याच्याजवळ बसते. मागत काही नाही." त्या दिवसापासून जाऊबाई त्यांच्या शेजारी नुसत्या बसायला लागल्या.

ठिगळाच्या ताडपत्रीखालच्या, आत्याबाईंच्या पाठीमागच्या, तेवढ्या विटा वाचल्या होत्या. उघडीप मिळाली तशी भाऊजींनी त्यांची एक लहानशी भट्टी लावली. विटा निघाल्या लालबुंद, वाजवल्या की भांड्यासारख्या वाजायच्या. खोलीला पुरणाऱ्या नव्हत्या. एखादी भिंत उठली असती. आत्याबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "एका भिंतीनं काय होतंय? पुढच्या वर्षी खोलीच बांधा." भाऊजींनी त्या विटा त्यांच्या बाजेशी रचून ठेवल्या. त्या हात लावून बघायच्या, मांजराला लावावा तसा.

त्या भिजण्यातून आत्याबाई उठल्याच नाहीत. कफ उतरला तो छातीतच राहिला. पावसाची झड लागलेली असतानाच एका सकाळी हाक मारली, तर ओ आली नाही. हात विटांवर होता.

कबर खणायला घेतली, पण बाजू धरेनात. खणावं तसं पाणी, आणि पाण्याबरोबर माती आत. घंटेवाला चिखलात उभा राहून रडकुंडीला आला. तेव्हा भाऊजी घरी आले आणि बाजेजवळच्या विटा उचलायला लागले.

आणि मग गाव आलं. अख्खं गाव. आमच्या दारापासून कबरीपर्यंत माणसांची रांग लागली, दुकानदार, गिरणीवाली, पंच, पाळकसुद्धा, आणि हातोहात विटा पुढं जात होत्या. कुणी दमलं म्हटलं नाही. भाऊजींनी आत उतरून चारी बाजूंनी भिंत बांधली. सरळ, ओळंब्यात. त्यांनी इतकी नीट भिंत कधीच बांधली नसेल.

मधेच पावसानं जोर धरला. "भिजतंय, भिजतंय, झाका!" पंच ओरडले, आणि जो तो घराकडे पळाला. परत आले ते ताडपत्र्या घेऊन. निळ्या, पिवळ्या, काही तर घडीसुद्धा न मोडलेल्या. पंचांची सगळ्यांत मोठी. चारी कोपरे धरून लोकांनी कबरीवर नुसतं छप्पर करून टाकलं. थेंब आत जाईना.

जाऊबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. डोळे पुसायचं राहून गेलं होतं. मान वर करून त्यांनी त्या ताडपत्र्या एकेक करून नीट बघितल्या.

"धाकटे," त्या हळूच म्हणाल्या, "गावात एवढ्या होत्या होय गं."