गुडाखूची डबी

बाबांनी तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडला तेव्हा मायने मोहल्ल्यात पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले होते. माझे बाबा रेवाराम. देवरीकडच्या जंगलात मजुरीला जाताना गालात खर्रा नसला, तर त्यांचा पाय घराबाहेर पडत नसे. सोडल्यावर त्यांना पुन्हा तिखट सोसू लागलं, भाकर चावता येऊ लागली.

आणि माय स्वतः? रोज सकाळी डबीतून बोटभर गुडाखू घेऊन अंगणात दात घासत बसायची. गूळ-तंबाखूचा तो काळा लेप. त्याशिवाय तिचं पोट साफ होत नसे. आमच्याकडच्या बाया त्याला मंजनच म्हणतात. तंबाखू खातात ते पुरुष, बाया फक्त दात घासतात! या शहाणपणापुढे कोणी डोकं आपटावं?

तोंडात आग होऊ लागली म्हणून मी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "तंबाखू खाता?"

"नाही जी," माय ठसक्यात म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती, याचंच मला रडू आलं. गुडाखूचं मीच सांगितलं. डॉक्टरांनी तिच्या गालातला पांढरा चट्टा मला दाखवला. आज सोडली तर चट्टा जाऊही शकतो, नाही तर कॅन्सरची भीती आहे, म्हणाले.

"मंजनानं कोनी मरते का?" घरी येऊन माय म्हणाली. मी डबी फेकली, तिने दुसरी आणली. मी ओरडले, अबोला धरला.

"ओरडून नाही सुटत, दुर्गा," बाबा म्हणाले. "तुह्या मायच्या भांडनानं माहा खर्रा नाही सुटला. मलेच भेव लागला, तवा सुटला."

पण तिला भेव लागेपर्यंत तो चट्टा थांबणार होता का? मला झोप लागत नव्हती.

दिवाळीत माझी लेक टीना दाढ दुखून रडत होती. मी चुलीपाशी होते. मायने तिला मांडीवर घेतलं आणि सवयीने गुडाखू बोटावर घेतली. दाढदुखीला हेच औषध, लहानपणी माझ्याही दाढेला तिने तेच लावलं होतं. टीनाने आ केला. मी ओरडणार, तोच मायचं बोट ओठांपाशी थांबलं. पोरीच्या तोंडातल्या गुलाबी गालाकडे ती बघत राहिली. मग बोट पदराला पुसलं, पुन्हा पुन्हा पुसलं.

"काऊन थांबली, माय?"

"तमाखू आहे थे. लेकराच्या तोंडात कशी घालू?" ती माझ्याकडे वळली. "मले सोडाची आहे, दुर्गा. तू ओरडू नोको. सकाळी फकस्त जवळ बस."