व्हॅनमधली झोप

टाळेबंदीचा मे महिना चालू होता आणि वाघोलीच्या त्या सोसायटीत मुलांना खाली आणायला अजून बंदी होती. पूर्णिमा तरी लेकीला, ओवीला घेऊन उतरली. वर तिला ठेवावी, तर नवरा योगेश ऑफिसच्या कॉलवर होता.

ओवी नऊ वर्षांची, स्वमग्न. शाळा बंद झाली आणि तिची झोपही गेली. रात्री जेमतेम दोन तास डोळा लागायचा, मग उजाडेपर्यंत येरझाऱ्या. आईबापांनी घरातच शाळा मांडून पाहिली. गणवेश, घंटा, डबा, सगळं वेळेवर. फरक शून्य. डॉक्टरांनी फोनवर बजावलं होतं, दिवसा अजिबात झोपू देऊ नका, तीन आठवडे नेटाने पाळा. आज नववा दिवस. नवराबायको आळीपाळीने जागत होते आणि एकमेकांशी कामापुरतं बोलत होते.

गेटवर जयसिंगची व्हॅन होती. हीच ओवीच्या शाळेची. आता तो तीतून लोणी काळभोरची भाजी आणायचा. पूर्णिमा मेथी बघत होती, तेवढ्यात ओवी हात सोडवून आत चढली. कांद्याच्या गोण्या ओलांडून खिडकीपाशी आपल्या जागेवर बसली, काचेला डोकं टेकवलं आणि झोपली.

"रोज अशीच झोपायची की शाळंला जाताना," जयसिंग म्हणाला. "तुमाला ठावं न्हाई?"

पूर्णिमाला ठाऊक नव्हतं. घरात शाळा मांडताना व्हॅन कुणाच्या डोक्यातच आली नव्हती.

सेक्रेटरी गोपाळकृष्ण आगाशे रजिस्टर घेऊन आले. "अहो, परवानगी भाजीच्या गाडीची आहे, शयनयानाची नाही."

"दहा मिनिटं द्या, काका."

"परिपत्रक आपण वाचलंच असेल. सही आहे आपली."

पूर्णिमाने ओवीच्या खांद्यापर्यंत हात नेला. पोरीच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळ ओघळत होती, कपाळावर एक आठी नव्हती. तिने हात मागे घेतला.

"ताई, मला बारापत्तुर पुढच्या सोसायटीत जायचं हाय," जयसिंग म्हणाला. "उठवता का?"

"नाही. चला, आम्हीही येतो."

"पोलिसांनी इचारलं तर?"

"भाजी विकतेय म्हणेन."

व्हॅन नगर रस्त्याला लागली, तोच योगेशचा फोन आला. "आहेस कुठे?"

"ओवी झोपलीये."

"दिवसा? उठव तिला, पूर्णिमा. आठ दिवसांचं सगळं पाण्यात जाईल."

"माहितीये. आज रात्रभर मी जागते."

गतिरोधकावर गाडी आदळली. ओवीने नुसतं तोंड मिटलं.