पाटोडीच्या ब्लॉगवर तीन शिफ्टा

आमच्या रामाजींनी लग्नापासून आजपावतो माह्या हातच्या जेवणाले एकदा तरी चांगलं म्हटलं असन, तर मी मिशा लावून फिरीन. भिलाईच्या स्टील प्लांटातून येत, ताट पुसून खात, ढेकर देत अन् झोपत. रिटायर झाले तरी तेच.

म्हणून पोरीनं, गुंजननं, मले ब्लॉग काढून दिला तवा मी ठरवलं, आता जगालेच वाढू. पाटोडीचा रस्सा, गोळाभात, रोडगे, सगळं लिहलं. गुंजन नेहरू नगरात कोचिंगले शिकवते. तिनंच जाहिराती लावून दिल्या. म्हणे, "आई, लोक वाचतीन, जाहिरात दाबतीन, पैसे थेट तुह्या खात्यात."

माह्या खात्यात! बापा, जन्मभर साडी घेतली का "काहाले घेतली?" ऐकलं. मले एकदा माह्या कमाईची साडी नेसून सिविक सेंटरले चाट खायची होती. चाटचे पैसे बी मीच देणार होती, यायच्या तोंडासमोर.

सुरुवातीले वाचणारे कोण? मी, गुंजन अन् पुण्याची एक बाई, जी प्रत्येक रस्स्यात गूळ टाकाले सांगे. मी काही तिचं ऐकलं नाही. मंग दिवाळीत चकलीवर बरी गर्दी झाली, अन् त्याच्यानंतर जाहिराती अशा धडाधड दाबल्या जाऊ लागल्या का मी हवेतच. साडीचा रंग बी ठरवून टाकला, मोरपंखी.

पैसे यायच्या तोंडावर मेल आला. गुंजननं तो वाचून सांगतला.

"आई, कंपनीनं जाहिराती बंद केल्या. कायमच्या. जमलेले पैसे बी देत नाही. म्हणते, कोणीतरी मुद्दाम दाबून राहिलं."

"कोणत्या मेल्यानं?"

तिनं मोबाइलवर आलेख दाखवला. दाबणारे सगळे भिलाईतले. पहाटे एक ढीग, दुपारी एक, रात्री एक. पोरीले काही समजलं नाही. माही अर्धी जिंदगी त्याच वेळांवर डबा भरण्यात गेली, मले लगेच समजलं. त्या प्लांटातल्या शिफ्ट बदलायच्या वेळा होत्या.

"अवो!" मी अशी ओरडली का हे तर आलेच, शेजारचे देवीदासभाऊ बी धावत आले. मंग उलगडलं, हे अन् देवीदासभाऊ, दोघंबी दाबणाऱ्यातलेच. संगं प्लांटाच्या मिलमधले सगळे रिटायर दोस्त. यायनं त्यायच्या पाळ्या लावल्या होत्या, ए, बी अन् सी शिफ्ट. पुढच्या पाळीचा रिलीव्हर आल्याशिवाय मोबाइल खाली ठेवाचा नाही, असा कडक नियम.

"कावून केलं असं?"

"प्रोडक्शन वाढवाचं होतं," हे खाली पाहत म्हणाले. "तुले साडी पायजे होती ना."

"आग लागो तुमच्या प्रोडक्शनले! माही साडी गेली, माही कमाई गेली! अन् एकानं तरी वाचलं का, मी काय लिहलं ते?"

देवीदासभाऊ आपल्या चपला पाहू लागले.

"मी वाचलं," हे म्हणाले. "पाटोडीचं तू चुकीचं लिहलं."

माह्या अंगाचा तिळपापड झाला. "काय चुकलं?"

"रस्स्यात तू भाजलेली जवस वाटून टाकते. ते लिहलंच नाही."

जवस मी मुद्दाम लपवली होती. सासूले नाही, पोरीले नाही, कोणालेच सांगतली नव्हती. अन् हा माणूस इतकी वर्षं तोंड शिवून चव घेऊन राहिला होता! मले इतका राग आला, इतका राग आला का डोळेच भरून आले.

"मंग चांगलं म्हणाले जीभ झडली होती का?"

"तुले माहीत असन, असं वाटलं."

मी मोबाइल यायच्या हातात कोंबला. "दाबाची लई हौस आहे ना? मंग लिहा. पाटोडीच्या खाली, सगळ्या जगाले दिसन असं."

एका बोटानं लिहता लिहता समोरचा चहा थंड झाला. मंग मी चश्मा पुसून वाचलं:

"बायको पाटोडी लई चांगली करते. काय टाकते ते मले माहीत आहे, पण मी सांगणार नाही."